विस्कॉन्सिनच्या व्हर्च्युअल शाळेत लेकीचा प्रवेश

दम्यामुळे लेकीचे हिवाळ्यातले फार दिवस बुडायचे, म्हणून आम्ही व्हर्च्युअल चार्टर शाळेकडे, म्हणजे घरून ऑनलाइन शिकवणाऱ्या शाळेकडे वळलो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात या शाळा सरकारीच आहेत, फी नाही. मात्र शाळा आपल्या भागाच्या नव्हे, दुसऱ्या शाळा-डिस्ट्रिक्टची असेल तर ओपन एनरोलमेंटचा, म्हणजे तिथे प्रवेश मागण्याचा अर्ज भरावा लागतो. त्याची नेहमीची मुदत फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारपासून एप्रिलअखेरपर्यंत. जूनच्या सुरुवातीला होकार आला.

मग कागदपत्रं. कांजिण्यांची लस भारताच्या सरकारी लसीकरणात नाही, त्यामुळे पुण्याच्या कार्डावर ती नव्हती. इथल्या क्लिनिकमध्ये टोचून घेतली. व्हिसाचं कुणी विचारलं नाही. देशात राहण्याची कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेचं दार बंद करता येत नाही, असा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा १९८२ चा निकाल आहे. नव्यानं आलेल्या प्रत्येक घरानं हे माहीत करून घ्यावं.

खरा विचार करायला लावला तो प्रवेशाच्या फॉर्ममधल्या दोन प्रश्नांनी. पहिला वंशाचा. आधी 'हिस्पॅनिक (स्पॅनिश भाषक देशांतल्या मूळचे) आहात का?', मग वंशांच्या पाच चौकटी, हव्या तितक्या निवडा. रिकामं सोडलं तर शाळेचे कर्मचारी पाहून अंदाजानं भरतात. माझ्या मुलीची ओळख कुणी अंदाजानं का ठरवावी? मी 'एशियन'वर खूण केली. त्याच चौकटीत आमच्या भागातली ह्मोंग, म्हणजे मूळच्या लाओसकडच्या डोंगराळ भागातल्या समाजाची मुलंही येतात. त्यांची कुटुंबं व्हिएतनाम युद्धानंतर निर्वासित म्हणून आली, आम्ही नोकरीसाठी आलो. एका खुणेत हा फरक कुठे दिसणार? शिवाय शाळा एवढी छोटी, की राज्य शाळांचं जे रिपोर्ट कार्ड काढतं त्यात आमच्या गटाचे गुण वेगळे दिसतच नाहीत. २० पेक्षा कमी मुलांच्या गटाचे गुण दाखवत नाहीत. मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून हे योग्यच आहे. पण रिपोर्ट कार्ड पाहून शाळा निवडणाऱ्याला अशा छोट्या गटातली मुलं तिथे कशी शिकतात ते कळत नाही.

दुसरा प्रश्न घरातल्या भाषेचा. ओळखीच्या मराठी मंडळींनी बजावलं, "इंग्लिश लिही गं, नाहीतर तिला वेगळ्या वर्गात टाकतील." मी मराठीच लिहिलं. मग इंग्लिश ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं अशी चाचणी झाली. बोलण्यात ती पुढे होती, लेखनात मागे. त्यासाठी आता तिला वेगळी शिक्षिका ऑनलाइन शिकवते, आणि तिचं लिखाण खरंच सुधारलंय. नको असेल तर पालक ही मदत नाकारू शकतात, एवढं सोपं आहे. खोटं लिहून मुलाची हक्काची मदत घालवणं मला अजिबात पटत नाही.

वसंतातली राज्याची परीक्षा मात्र प्रत्यक्ष जाऊन द्यायची असते. तिथे पहिल्यांदा सगळी मुलं समोर दिसली: डेअरी फार्मवरची, घरी स्पॅनिश बोलणारी, ह्मोंग, एक व्हीलचेअरवरची मुलगी. पालकही तासन् तास बाहेर थांबलेले. मी शाळेच्या समन्वयक बाईंना तिथेच विचारलं, की कुटुंबांची अशी भेट वर्षाच्या सुरुवातीलाच का ठेवू नये? त्यांनी ऑगस्टमध्ये ठेवायचं कबूल केलंय, आणि जेवणाची व्यवस्था मी अंगावर घेतली आहे.