अल्कलाइन डाएटचा आठवा दिवस

हे डाएट म्हणे शरीर अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट, करतं. सकाळी तलावपाळीला फेरी मारताना शेजारच्या काकांनी पुन्हा पीएचच्या (आम्ल-अल्कली मोजायच्या) पट्टीचा फोटो दाखवला. "बघ, शरीर अल्कलाइन झालं!" अहो काका, ती लघवीची पट्टी. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्येच राहतो, ते फुप्फुसं आणि मूत्रपिंडं बघतात. दुधी खाऊन तो हलत नाही.

तरी खरं सांगते, आठवडाभर गावदेवी मंडईतून पालक-काकडी आणली, फरसाण सुटलं, पोट हलकं वाटतंय. पण डाळ, दही, अंडी बंद! दुपारी चारला हातपाय गळतात. प्रथिनं येणार कुठून? आई तर रोज विचारते, "वरणाशिवाय जेवण होतं का गं?"

आज कुकर लावला. वरण-भात, वर लिंबू. (आंबट असूनही ते म्हणे अल्कलाइन!) भाजी मात्र दुप्पटच वाढून घेतली.