तासगावचा बेदाणा घेऊन दुबईला: गल्फूडला निघणाऱ्यांसाठी

तासगावच्या सौद्यात व्यापारी बेदाणा तळहातावर घेतो, रंग बघतो, एक मणी तोंडात टाकतो आणि भाव बोलतो. दुबईत पहिल्याच माणसाने आमची पिशवी उघडायच्या आधी विचारलं, "रिपोर्ट आहे का?" कीटकनाशकांचे अंश किती, गंधक किती, ओलावा किती. आपण रंगासाठी गंधकाची धुरी देतो, तेव्हा हा प्रश्न येणारच होता. आमच्याकडे रिपोर्ट होता, पण तोही निघायच्या वीस दिवस आधी एका ओळखीच्या निर्यातदारांनी बजावलं म्हणून. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट हातात नसेल तर तिकीट काढू नका, असं मी सगळ्यांना सांगते.

आमचं पॅकिंगचं युनिट लहान आहे. 2025 च्या फेब्रुवारीत, 17 ते 21 तारखांना, गल्फूड, म्हणजे दुबईतलं खाद्यपदार्थांचं मोठं व्यापारी प्रदर्शन, होतं. मी आणि जाऊबाई व्यापारी पास काढून गेलो. स्टॉल नव्हता. पाच हजारांहून जास्त कंपन्या मांडून बसलेल्या असतात, त्यामुळे पहिला दिवस नुसता चालण्यात गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही शहाण्या झालो: सुक्या मेव्याचे स्टॉल आधी नकाशावर खुणा करून ठेवले आणि सकाळी दार उघडताच तिथे पोचलो. दुपारनंतर कुणाला बोलायला वेळ नसतो. मेट्रोनेच जा, टॅक्सी तासभर अडकते. 2026 पासून प्रदर्शन जानेवारीत आणि दोन जागी भरू लागलंय, वर्ल्ड ट्रेड सेंटरला आणि एक्स्पो सिटीला. आपला माल कुठल्या जागी आहे ते बघूनच हॉटेल ठरवा.

भारताच्या दालनात अपेडाची, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, माणसं भेटली. बेदाणा अपेडाकडे येतो. आमच्याबरोबर सांगलीचे एक हळदवाले होते. त्यांना तिथे कळलं की हळदीसाठी नोंदणी मसाला मंडळाकडे करायची असते. ही गोष्ट घरी बसून कळायला हवी होती. आयात-निर्यात कोड डीजीएफटीच्या (केंद्राचं विदेश व्यापार महासंचालनालय) संकेतस्थळावर 500 रुपयांत मिळतो, पण दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती अद्ययावत करावी लागते. विसरलात तर तो बंद पडतो. बँकेकडून एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या आपल्या बँकेचा क्रमांक) घेऊन आइसगेटवर, म्हणजे सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर, नोंदवल्याशिवाय शिपिंग बिल, म्हणजे माल बाहेर पाठवायचा सीमाशुल्काचा कागद, निघत नाही. पणन मंडळ पुण्यात निर्यातीचे प्रशिक्षण वर्ग घेतं. आमच्या युनिटमधून जाऊबाई जाऊन आल्या होत्या, म्हणून या सगळ्या शब्दांना आम्ही तिथे घाबरलो नाही.

भारत आणि संयुक्त अरब अमिरातीचा व्यापार करार 1 मे 2022 पासून लागू आहे. त्याची सवलत आपोआप मिळत नाही. मालाचा एचएस कोड (सीमाशुल्कासाठी प्रत्येक मालाला दिलेला क्रमांक) नेमका काढायचा, त्या कोडला किती सूट आहे ते बघायचं आणि उत्पत्तीचं, म्हणजे माल भारतातलाच असल्याचं, प्रमाणपत्र सोबत द्यायचं. अरबीतलं लेबलही लागतं. दुबई महापालिकेत त्याची नोंद तिथला आयातदार करतो, म्हणून मजकूर छापायच्या आधी त्याला दाखवा. घाईने पिशव्या छापून घेऊ नका.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते तिसऱ्या दिवसाबद्दल. प्रदर्शनात एक गृहस्थ भेटले, गोड बोलले, पूर्ण कंटेनर घेतो म्हणाले. पैसे मात्र माल पोचल्यावर नव्वद दिवसांनी. आम्ही हरखून गेलो होतो. त्या संध्याकाळी दुबईत बरीच वर्षं व्यापार करणाऱ्या एका मराठी काकांकडे जेवायला गेलो. ताट वाढता वाढता त्यांनी विचारलं, "ट्रेड लायसन्सची प्रत मागितली का?" दुसऱ्या दिवशी मागितली. त्या गृहस्थांचा फोन पुन्हा लागला नाही.

आमचा वर्षाचा सगळा माल एका सहीवर गेला असता. सरकारी कचेरी ग्राहकांची यादी देते, नियम सांगते. पण या माणसाशी व्यवहार करावा की नाही, हे त्या बाजारात रोज उठबस असलेला माणूसच सांगू शकतो. दुबईत गल्फ महाराष्ट्र बिझनेस फोरमसारखी मराठी उद्योजकांची मंडळं आहेत. जायच्या महिनाभर आधी त्यांना लिहा, आपला माल काय, किती, कुठल्या दर्जाचा ते स्पष्ट सांगा. आणि उधारीवर माल द्यायचाच झाला तर आधी ईसीजीसीकडे, म्हणजे निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीकडे, जा. परदेशी ग्राहकाने पैसे बुडवले तर त्यांचा विमा उपयोगी पडतो, आणि त्या ग्राहकाची पतही ते तपासतात.

शेवटचा दिवस आम्ही प्रदर्शनाबाहेर काढला. एक दिरहम देऊन होडीने खाडी ओलांडली आणि देराच्या अल रास भागात गेलो. सुका मेवा, मसाले, डाळींची घाऊक दुकानं ओळीने. इराण, अफगाणिस्तान, तुर्कस्तानचा बेदाणा तिथे आपल्या बेदाण्याशेजारी पोत्यात असतो. कोण काय भावाने विकतं हे इथे दोन तासांत कळतं. एका दुकानदाराने आमचा मणी बघून सांगितलं, "हा माल मला मुंबईहून येतो." तो नक्की आमच्याच भागातला होता. मधल्या हातांची संख्या तेव्हा डोळ्यांपुढे उभी राहिली.

त्याच दुकानदाराने नमुना मागवला, मग 10 किलोच्या 80 पेट्या. वीस फुटी कंटेनर भरायची आमची ताकद नाही, म्हणून न्हावा शेवाहून दुसऱ्यांच्या मालासोबत, एलसीएलने पाठवल्या. निम्मे पैसे आधी, निम्मे कागदपत्रं बँकेत आल्यावर. आता तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यातली आम्ही चार युनिटं एकाच प्रयोगशाळेत तपासणी करतो आणि एकाच प्रतीचा माल बाजूला काढतो. चौघांचा मिळून एक कंटेनर भरतो की नाही, ते या हंगामात बघायचंय.