कर्जाने मोडणारी घरे आणि घटस्फोटाने मोडणारी घरे

अमेरिकेत 2010 या एका वर्षात व्यक्तिगत दिवाळखोरीचे 15 लाखांहून अधिक अर्ज न्यायालयांत दाखल झाले. त्याच वर्षी तेथे नोंदले गेलेले घटस्फोट पावणेनऊ लाखांच्या आसपास होते. या आकड्यात कॅलिफोर्नियासारखे मोठे राज्य नाही, पण ते धरले तरी दिवाळखोरीच पुढे राहते. 2005 साली तर, ऑक्टोबरपासून कायदा कडक होणार म्हणून लोकांनी त्याआधी अर्ज करण्याची एवढी घाई केली की अर्ज 20 लाखांच्या वर गेले. पुढे चित्र उलटले. 2022 मध्ये अर्ज चार लाखांच्या आत आले आणि घटस्फोट, केवळ 45 राज्यांची नोंद धरूनही, पावणेसात लाखांच्या जवळ होते. ही तुलना काटेकोर नाही, हे मान्य करायला हवे. घटस्फोट नेहमी दोन माणसांचा असतो. दिवाळखोरीचा अर्ज एकट्याने करता येतो किंवा पतिपत्नींना मिळूनही, आणि त्यांत अविवाहित माणसेही असतात. तरीही एका श्रीमंत देशात काही काळ तरी संसार मोडण्यापेक्षा घराचे आर्थिक कंबरडे मोडणे अधिक नित्याचे होते, एवढे त्यातून कळते.

नागपुरात हे कोणाला सहज पटणार नाही. महालातल्या वाड्यात विचारा किंवा बेसा भागातल्या नव्या सदनिकेत, नात्यागोत्यात एखादा घटस्फोट झालेला असतोच. पण न्यायालयाने दिवाळखोर ठरवलेला काका किंवा मेहुणा कोणाला आठवत नाही. मी अनेक वर्षे बँकेच्या कर्जविभागात काम केले. थकीत कर्जाच्या कितीतरी फायली हाताखालून गेल्या, परंतु एखाद्या पगारदार कर्जदाराने स्वतः न्यायालयात जाऊन नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज केल्याचे माझ्या पाहण्यात आले नाही. त्यावरून आपली कुटुंबे या संकटापासून सुरक्षित आहेत, असा निष्कर्ष कोणी काढला की मला फार वाईट वाटते, कारण त्याच फायलींमध्ये मी मोडलेली घरे पाहिली आहेत. आधी दागिने गहाण पडतात, मग गावाकडचे वावर विकले जाते, मग पतसंस्था, मग भिशीतली उचल, आणि शेवटी सावकार. या साऱ्याची दिवाळखोरी म्हणून नोंद कोठेही होत नाही.

घटस्फोटाची नोंदही अपुरी आहे, हे खरे. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 13 लाख 60 हजार माणसे घटस्फोटित होती आणि पतीपासून किंवा पत्नीपासून नुसतीच वेगळी राहणारी माणसे त्यांच्या दुपटीहून अधिक होती. पण निदान ती मोजली तरी गेली. त्यांच्यासाठी 1955 चा हिंदू विवाह कायदा आहे, 1976 पासून परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची सोय आहे, 1984 च्या कायद्याने निर्माण झालेले कौटुंबिक न्यायालय आहे आणि तेथे समुपदेशकही असतात. लग्न कायद्याने संपवता येते आणि त्यानंतर नवे आयुष्य सुरू करता येते.

कर्जबुडीत माणसासाठी नागपुरात काय आहे? मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांसाठी 1909 चा कायदा, आणि नागपूरसह बाकीच्या मुलखासाठी 1920 चा प्रांतिक नादारी कायदा. त्यानुसार पाचशे रुपयांचे कर्ज असले तरी, ते फेडण्याची ऐपत नसल्यास, जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. ही रक्कम शंभर वर्षांपूर्वीची आहे. मात्र मालमत्तेतून रुपयामागे आठ आणेही वसूल होण्यासारखे नसतील, तर ही स्थिती आपल्या दोषाने आलेली नाही हे कर्जदाराने सिद्ध करावे लागते, त्याशिवाय कर्जातून पूर्ण मुक्तता मिळत नाही. शिवाय मुक्तता न मिळालेल्या दिवाळखोराला संसदेत किंवा विधानसभेत बसता येत नाही, असे राज्यघटनाच सांगते. लोक या दाराकडे फिरकत नाहीत याचे मला आश्चर्य वाटत नाही.

2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने हे बदलायचे होते. तिच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठी नवी व्यवस्था आहे, परंतु 1 डिसेंबर 2019 पासून तो भाग केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू झाला. उद्योगपतीच्या हमीची सोय झाली. शाळेतला शिक्षक, हिंगण्याच्या कारखान्यातला कामगार, इतवारीतला किरकोळ दुकानदार बाहेरच राहिले. त्या भागात अगदी गरिबांसाठी नव्याने सुरुवात करण्याची तरतूद आहे, पण तिच्या अटीनुसार वार्षिक उत्पन्न 60 हजार, मालमत्ता 20 हजार आणि कर्ज 35 हजार रुपयांच्या वर नसावे. महिन्याला पाच हजार रुपयांवर घर चालवणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून या अटी घातलेल्या आहेत, आणि त्याच्यासाठीही ही तरतूद अद्याप अमलात आलेली नाही.

या दोन्ही आपत्ती एकमेकींपासून वेगळ्या मोजणेही मला पटत नाही. नोकरी जाणे, मोठे आजारपण, दारू, सट्टा यांतून आधी हप्ते थकतात आणि मग घरात भांडण पेटते. कधी क्रम उलटा असतो. जामीनकी हे आपल्याकडचे खास कारण. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, तरी साळ्यासाठी किंवा मित्रासाठी सही करताना ती फक्त साक्षीची सही आहे असे समजले जाते. घरी न सांगता केलेली अशी सही नोटीस आल्यावरच पत्नीला कळते. त्यानंतरचे तिचे मौन मी बँकेच्या टेबलापलीकडून पाहिले आहे. पैशापेक्षाही, आपल्याला विचारले नाही हे तिला अधिक लागलेले असते.

आणि घटस्फोट झाला म्हणजे कर्जातून सुटका झाली, असेही नाही. घराचे कर्ज दोघांच्या नावावर असेल तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याने बँक बांधली जात नाही, कारण बँक त्या दाव्यात पक्षकारच नसते. माजी पतीने हप्ते थांबवले की वसुलीची नोटीस पुन्हा लग्न करून संसार थाटलेल्या बाईच्या नव्या पत्त्यावर येते.

कर्जदाराला कायदा अगदीच वाऱ्यावर सोडत नाही, हेही सांगितले पाहिजे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे घरातली जरुरीची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारे आणि धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारे दागिने जप्त करता येत नाहीत. वसुलीवाल्याने मंगळसूत्राकडे बोट दाखवले तर हे कलम त्याला सांगावे.

सर्वोच्च न्यायालयाचा 4 नोव्हेंबर 2020 चा पोटगीविषयीचा निवाडा नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेल्या प्रकरणात झाला. त्याने देशभर असे ठरवून दिले की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता आणि आपली देणी शपथपत्रावर मांडावीत. म्हणजे एखाद्या घराची सगळी कर्जे एका कागदावर आणि शपथेवर पहिल्यांदा मांडली जातात ती बहुधा संसार मोडत असताना. तोच कागद दोन-तीन वर्षे आधी, पहिला हप्ता थकला तेव्हा, पतिपत्नींनी एकत्र बसून केला आणि बँकेपुढे ठेवला, तर परतफेडीची मुदत वाढवून मागता येते, जामीनदाराला वेळीच सावध करता येते आणि सावकाराकडे जाणे टळू शकते. पण त्यासाठी कर्जदारालाही घटस्फोटितासारखे न्यायालय, समुपदेशक आणि शेवट असलेली प्रक्रिया मिळाली पाहिजे, आणि म्हणून संहितेचा तिसरा भाग, त्यातल्या रकमा आजच्या उत्पन्नाला साजेशा करून, सर्वसामान्य व्यक्तींना लागू करावा, अशी माझी मागणी आहे.