काळ्या-पांढऱ्या पडद्यावरचं हिरवं लुगडं

आत्याला जयप्रभा स्टुडिओचं दार बघायचं होतं. "आत काय उरलंय कोण जाणे, पण दार तर असंल," असं ती दिवाळीपासून म्हणत होती. शेवटी डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही दोघी सांगली स्टँडवर कोल्हापूरच्या लाल गाडीत बसलो. आत्याला पंच्याहत्तरी उलटलेल्यांचा मोफत प्रवास, मला अर्धं तिकीट. अंकलीच्या पुलावर तिने कृष्णेला हात जोडले आणि जयसिंगपूर यायच्या आतच बोलायला लागली.

तिचे मामा सुतार. कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहायचे आणि जयप्रभात सेट उभारायचे. १९६४ च्या मे महिन्यात, पंधरा वर्षांची असताना, ती सुट्टीला मामांकडे गेली होती. गर्दीच्या सीनला पाणवठ्यावरच्या बायका कमी पडल्या, तेव्हा मामांनी भाचीला नेऊन उभं केलं. डोक्यावर घागर, आणि इकडून तिकडं चालत जायचं. एवढंच काम. पण त्या दोन दिवसांवर ती आजवर जगत आलीय असं मला वाटतं.

"भिंत दगडाची दिसायची, पण हात लावला की पोकळ वाजायची. बांबू, तरटं आणि वरनं गिलावा. रंग कसला दिलेला सांगू? गुलाबी! वाड्याची भिंत गुलाबी!"

गाडीतली मंडळी वळून बघायला लागली, इतक्या जोरात ती बोलत होती. पण गोष्ट खरी आहे. कृष्णधवल फिल्मला गुलाबी काय नि पिवळा काय, तिला फक्त उजेडाची पट्टी कळते. कुठला रंग पडद्यावर किती करडा उतरेल हे रंगाऱ्याला आणि कॅमेरामनला अनुभवाने ठाऊक असे. पांढरंशुभ्र कापड तर दिव्यांखाली नुसतं भगभगायचं, म्हणून धोतरं-पागोटी चहाच्या पाण्यात बुडवून काढायची. वर छताला टांगलेल्या फळ्यांवर दिवेवाले पाय सोडून बसलेले, खाली ऊन पडल्यासारखा उजेड, आणि मे महिन्यात पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज आला की टेक वाया. "सायलेन्स म्हणला की मी श्वाससुद्धा घेत नव्हते," आत्या म्हणाली.

हातकणंगल्याच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रांगायला लागली. शिरोलीचा पूल ओलांडून स्टँडवर उतरलो तेव्हा साडेअकरा झाले होते. रिक्षावाल्याला आधी खरी कॉर्नरला न्यायला सांगितलं. तिथे मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे, तो कॅमेरास्तंभ मला बघायचा होता. परदेशी कॅमेऱ्याकडे बघून त्यांनी आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनी आपला कॅमेरा घडवायला घेतला. आनंदराव मध्येच वारले, पण बाबूराव मागे हटले नाहीत. त्याच गावात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी निघाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. प्रभात गेल्यावर गावाचा हा धंदा बुडू नये म्हणून छत्रपती राजाराम महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली. पुढे दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी ती घेतली, तीच जयप्रभा. १९४८ साली गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत स्टुडिओ जळला, 'मीठभाकर'ची फिल्मही त्यात गेली. भालजींनी तो चित्रपट पुन्हा पहिल्यापासून केला. हे वाचताना मला दर वेळी गलबलून येतं. ज्या माणसांनी तो पहिल्यांदा केला, त्यांतल्याच कित्येकांना तेच संवाद, तेच हुंदके पुन्हा उभे करावे लागले असतील.

१९५९ साली लिलावात निघालेला हा स्टुडिओ लता मंगेशकरांनी घेतला. आम्हा सांगलीकरांना त्यात आपलेपणा वाटतो. त्यांचे वडील मास्टर दीनानाथ यांचं बिऱ्हाड आमच्या गावात होतं. बोलपटात ते उतरले ते इथल्या मुक्कामाच्या काळातच, आणि त्यात त्यांचे हात पोळले. आशाताईंचा जन्मही सांगलीचाच. बापाला सिनेमाने बुडवलं, आणि लेकीने पुढे एक स्टुडिओच वाचवला! भालजींच्या चित्रपटांना 'आनंदघन' नावाने संगीत दिलं तेही तिनेच. आत्या घागर घेऊन उभी होती ती लताबाईंच्या मालकीच्या छताखाली, पण तेव्हा तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. तिला लांबून दिसले ते फक्त 'बाबा', म्हणजे भालजी.

मंगळवार पेठेत रिक्षा थांबली. दार बंद होतं. २०२२ च्या फेब्रुवारीत, जागा विकली गेल्याचं कळलं तेव्हा, कोल्हापूरचे कलावंत इथेच साखळी उपोषणाला बसले होते. ही वास्तू वारसायादीत आहे, म्हणून निदान तिच्यासाठी भांडता तरी येतं. मला मनापासून वाटतं, की इथे पुन्हा दिवे लागावेत. नुसता पुतळा आणि पाटी नको, कॅमेरा फिरायला हवा.

आत्या दारासमोर उभी राहिली, बराच वेळ. मग तिने पदर सावरला, डाव्या हाताने डोक्यावरची नसलेली घागर धरली आणि रस्त्याच्या कडेने दहा पावलं चालली. मान ताठ, नजर समोर. परत आली ती मला विचारत, "कॅमेऱ्याकडं बघितलं नाही ना मी?"

"नाही बघितलंस."

रात्री सांगलीत, जेवणं झाल्यावर, मी मोबाइलवर तो चित्रपट शोधून काढला. पाणवठ्याचा प्रसंग जेमतेम काही सेकंदांचा. बायका उजवीकडून येतात, चेहरे धड दिसतसुद्धा नाहीत. आत्याने चश्मा पुसला, पडद्यावर बोट टेकवलं.

"तिसरी. ती मी. लुगडं हिरवंगार होतं, काठ लाल."

मी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. तिसऱ्या बाईचं लुगडं करडं होतं, काठ थोडा अधिक गडद.

"परत लाव," आत्या म्हणाली.