अर्ध्या दिवसाची होडी

बडोद्याच्या माणसाला समुद्र पहिल्यांदा भेटतो तो हाडांच्या रूपात. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, सत्तर फुटांहून लांब. १९४४ साली तो मासा मही नदीच्या मुखाशी येऊन अडकला. शाळेत असताना त्याच्यासमोर आम्हाला रांगेने उभं केलं जायचं आणि बाई म्हणायच्या, हात लावू नका. बाहेर पडलं की बागेलगतच विश्वामित्री, आणि तिच्यात मगरी. त्या मात्र जिवंत. पावसाळ्यात नदी फुगली की त्या सोसायट्यांमध्ये येतात आणि वनखात्याची माणसं त्यांना दोरीने बांधून घेऊन जातात. अशा गावातल्या पोराला पाण्यात तोंड घालू नये हे वेगळं शिकवावं लागत नाही.

खरा समुद्र तसा लांब नाही. खंभातचं आखात जवळच आहे, पण तिथे भरती-ओहोटीत दहा मीटरांपर्यंत फरक पडतो, सगळं पाणी गाळाचं, आणि ओहोटीला नजर पोचेल तिथवर चिखल. दमणला लोक जातात, पण समुद्र बघायला जातो असं म्हणणारा बडोदेकर मला अजून भेटलेला नाही.

एकेकाळी बडोद्याला स्वतःचा समुद्र होता, हे आता फार जणांना ठाऊक नसतं. द्वारका, बेट द्वारका, ओखा हा सगळा ओखामंडळाचा मुलूख गायकवाडांचा. सयाजीरावांनी जेम्स हॉर्नेल या इंग्रज शास्त्रज्ञाला तिथल्या किनाऱ्याचा अभ्यास करायला लावलं. मोत्यांचे कालव आणि शंख यांतून संस्थानाला काही मिळेल का, हा मूळ हिशेबी प्रश्न होता. हॉर्नेलने त्याच्या जोडीला स्पंज, समुद्रगोगलगायी आणि पाण्याखालच्या बाकीच्या प्रजेचीही मोजदाद करवून घेतली. तो अहवाल दोन भागांत, १९०९ आणि १९१६ साली छापून आला. म्हणजे खाली काय आहे हे पैसे देऊन दुसऱ्याकडून समजून घ्यायची पद्धत आमच्या गावात जुनीच. आम्ही ती अंदमानात, अर्ध्या दिवसापुरती, चालवली.

स्वराज द्वीपावर (हॅवलॉकचं हे नाव २०१८ पासूनचं, पण रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे हॅवलॉकच म्हणतात) पाण्यात जायच्या दोन तऱ्हा आहेत. एक, जेट्टीवरून सगळ्यांबरोबर स्पीडबोटीत बसून एलिफंट बीचला जायचं. तिथे केशरी जॅकेटं घातलेल्या माणसांची रांग असते, आपला नंबर आला की गाइड रिंगला धरून पाण्यात ओढत नेतो आणि नीट श्वास घ्यायला जमतंय तोवर परत आणतो. दुसरी तऱ्हा म्हणजे सबंध बोट आपल्यापुरती घ्यायची. आधी मासेमारी, मग स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क लावून, तोंडात नळी धरून, तरंगत पाण्याखालचं बघणं, आणि जेवायच्या वेळेला परत. पैसे बोटीचे, माणसी नाहीत. त्यामुळे दोघे गेले काय आणि पाच गेले काय, आकडा तोच. हे ऐकल्यावर बायकोने लगेच तिच्या आईला फोन केला.

सासूबाई मालवणच्या. जन्म समुद्राच्या आवाजात गेलेला, मासा हातात घेतला की कालचा की आजचा हे सांगणार. पण पाण्यात त्या घोट्याच्या वर कधी गेलेल्या नव्हत्या. किनाऱ्यावरच्या त्यांच्या पिढीच्या बायकांचं हे असंच आहे. समुद्र पुरुषांचा, आणि तो बायकांकडे येणार टोपलीतून. त्यामुळे बोटीवर आम्ही सगळेच नवशिके होतो, प्रत्येकाची तऱ्हा तेवढी निराळी.

निघायचं साडेपाचला ठरलं तेव्हा मी कुरकुर केली. पण तिथे घड्याळ बडोद्याचं आणि सूर्य ब्रह्मदेशाच्या बाजूचा. आपल्याकडच्यापेक्षा सव्वा तासाहून थोडा आधीच तो कामाला लागतो आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला दुकान बंद करतो. साडेपाचला जेट्टीवर बऱ्यापैकी उजाडलेलं होतं. बोट फायबरची, मागे दोन इंजिनं, वर ताडपत्रीचं छप्पर, एक बर्फाची पेटी आणि बसायला दोन बाकं. कॅप्टन मायाबंदरचा करेन. ब्रिटिशांनी १९२५ च्या सुमाराला ब्रह्मदेशातून आणून अंदमानात वसवलेले हे लोक, पाण्यातले वाकबगार. त्याच्या हाताखाली एक पोरगा, सासूबाईंना ‘माताजी’ म्हणणारा. त्याने सगळ्यांना आधी उलटीची गोळी घेतली का ते विचारलं, मग नावं.

खासगी बोटीत आपण नक्की काय विकत घेतो, यावर मी जाताना विचार करत होतो. मालकी म्हणावी तर ती कॅप्टनची. कुठे जायचं हे मी सुचवलं की तो मान हलवायचा आणि भलतीकडे वळायचा. वारा, भरती, प्रवाह यांच्याशी त्याची जी बोलणी चालली होती त्यांत गिऱ्हाइकाला मत नव्हतं. आपल्या हातात उरतं एवढंच की मागे कोणी ताटकळत उभं नाही. मला विचाराल तर तेवढ्यासाठीच पैसे द्यावेत. आयुष्यात इतर सगळीकडे मागे कोणीतरी उभं असतंच.

मासेमारीत ट्रोलिंग हा प्रकार आळशी माणसाने शोधून काढला असणार, आणि त्याचे माझ्यावर उपकार आहेत. दांडे बोटीच्या कडेला खोबणीत उभे करायचे, खोटे मासे दूरवर मागे सोडायचे आणि बोट चालू ठेवायची. काम सगळं इंजिन करतं. आपण थेपले खायचे. लिलो चिवडोही नेला होता. तो मुळातच ओलसर, त्यामुळे समुद्राच्या हवेने तो सादळण्याचा प्रश्नच येत नाही. बडोद्याच्या या पदार्थाची ही दर्यावर्दी बाजू कोणी लक्षात घेतलेली नाही.

मग अचानक रीळ किंचाळलं. किंचाळलं हाच शब्द. मासा गळाला लागला की दोरी जोराने सुटते आणि रिळाचं चाक करकरतं. त्याला एक आवळायची चकती असते, ड्रॅग म्हणतात. ती मुद्दाम जराशी ढिली ठेवलेली असते, नाहीतर मोठा मासा पहिल्याच झटक्यात दोरी तोडून जाईल. पळू द्यायचं, थकू द्यायचं, मग गुंडाळायचं. कॅप्टन माझ्या लेकीच्या मागे उभा राहून ‘अभी नहीं, अभी नहीं, अब’ असं म्हणत होता, बायको तिच्या कमरेला धरून उभी होती, आणि सासूबाई बाकावरून न उठता म्हणाल्या, “सुरमई असतली.”

सुरमईच होती. पाण्यातून वर आली तेव्हा चांदीवर निळं पाणी चढवल्यासारखी, आणि बघता बघता ते निळं उतरलं. बाजारातली सुरमई राखाडी असते, म्हणून तिचा रंगच राखाडी असं मी धरून चाललो होतो. त्यानंतर एक दांडगा जायंट ट्रेव्हली लागला, ज्याला तिकडे नुसतं जीटी म्हणतात. जगभरचे शौकीन या एका माशासाठी अंदमानात येतात. कॅप्टनने त्याचा गळ चिमट्याने काढला, लेकीला दोन्ही हातांत धरून फोटो काढू दिला आणि तो परत सोडून दिला. एवढा मोठा मासा सोडलेला बघून सासूबाईंचा चेहरा असा झाला की कॅप्टनने बर्फाच्या पेटीचं झाकण उघडून त्यांना सुरमई पुन्हा एकदा दाखवली.

ऊन वर चढल्यावर बोट एका बेटाच्या आडोशाला आली. क्रम असाच असतो: मासे सकाळच्या गारव्यात भुकेले असतात, आणि पाण्याखालचं नीट दिसायला सूर्य डोक्याकडे सरकलेला लागतो. इथे मी कॅप्टनला माझा बडोद्याचा प्रश्न विचारला. मगरी आहेत का? मला वाटलं हसेल. हसला नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत, खाडीत आणि कांदळवनात राहतात, आणि २०१० साली हॅवलॉकलाच स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी बाईचा मगरीने जीव घेतला होता. म्हणूनच मी तुम्हाला खाडीपासून एवढं लांब आणलंय, तो म्हणाला. हे उत्तर मला फार पटलं. ‘काही नसतं हो इथे’ म्हणणाऱ्या माणसाबरोबर मी पाण्यात उतरलो नसतो.

चांगला कॅप्टन ओळखायची आणखी एक खूण मला तिथे कळली. तो नांगर कुठे टाकतो ते बघावं. पोवळ्यावर नांगर पडला की कित्येक वर्षांची वाढ एका दणक्यात जाते. आमच्या कॅप्टनने बोट तरंगत्या बोयाला बांधली आणि पोराला बजावलं की कोणालाही खाली पाय टेकू द्यायचा नाही.

मास्क चढवणं हा मिशीवाल्या माणसाचा वेगळा अध्याय आहे. मास्क चेहऱ्याला हवाबंद चिकटावा लागतो आणि मिशी ते होऊ देत नाही, प्रत्येक केसाच्या वाटेने पाणी आत येतं. उपाय दोन, वस्तरा किंवा व्हॅसलिन. मी व्हॅसलिन लावलं. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळायची, हेही त्या पोराने गंभीरपणे शिकवलं. लेकीने विचारलं, नळी फूटभरच का, लांब असती तर आणखी खाली जाता आलं असतं. नाही जाता येत. मीटरभर खाली गेलं तरी छातीवर पाण्याचा दाब एवढा पडतो की वरची हवा फुप्फुसांना ओढून घेता येत नाही, आणि लांब नळीत आपलाच उच्छ्वास साचून राहतो.

आणि मग मी पाण्यात तोंड घातलं.

पहिल्यांदा दिसण्याच्या आधी ऐकू आलं. खाली बारीक तडतड चाललेली असते, फोडणीत मोहरी तडतडावी तशी, अखंड. ती चिमुकल्या कोळंब्यांची. मधूनच कुरुम असा जाड आवाज येतो, तो पोपटमाशाचा. त्याला खरोखरच चोच असते, तिने तो पोवळ्याचा दगड खरवडून त्यावरचं शेवाळ खातो आणि चुरा मागच्या बाजूने सोडून देतो. प्रवाळी बेटांवरच्या पांढऱ्या वाळूचा मोठा वाटा असा तयार झालेला असतो. ज्या वाळूवर आदल्या दिवशी आम्ही भक्तिभावाने अनवाणी चाललो होतो तिचा उगम कळल्यावर लेक नळीतून हसली आणि तिच्या नाकातोंडात पाणी गेलं.

सगळं रंगीत होतं असं म्हणणार नाही. फांद्यांच्या पोवळ्यांचे मोठमोठे पट्टे मोडलेले, करडे, शेवाळलेले होते. २०१० साली समुद्र तापला तेव्हा अंदमानातली पोवळी फार मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली, २०१६ साली पुन्हा. पोवळं म्हणजे प्राणी. त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ त्याला रंगही देतं आणि बरंचसं अन्नही. पाणी फार तापलं की ते शेवाळ बाहेर टाकलं जातं आणि मागे उरतो पांढरा सापळा. सापळे बघायची आम्हा बडोदेकरांना सवय आहे. पण त्या करड्या पट्ट्याच्या कडेला नवी बोटाएवढी जांभळी टोकं फुटलेली दिसली आणि मी बराच वेळ तिथेच तरंगत राहिलो. मागे कोणी उभं नव्हतंच.

सासूबाई रिंग धरून, पोराच्या हाताने ओढल्या जात, तोंड पाण्यात घालून निघाल्या होत्या. मला वाटलं होतं घाबरतील, किंवा भारावून जातील. त्यांनी डोकं वर काढलं, नळी फेकली आणि ओरडल्या, “गो बाय, तांबोशी! केवढी मोठी ती!” मग पुन्हा खाली. मग वर. “हेकरू!” जन्मभर टोपलीत भेटलेले सगळे इथे हिंडताफिरताना भेटत होते आणि त्या एकेकाला हाक मारून ओळखत होत्या. मी पुस्तकातली नावं घेऊन उतरलो होतो, तरी माझ्यासाठी ते सगळे ‘निळा मासा’, ‘पट्ट्यांचा मासा’ एवढेच राहिले. पाण्याखालचं बघितलं की माणसाच्या घशाखाली मासा उतरत नाही, असं कोरड्या गावातले लोक म्हणतात. सासूबाईंची भूक वाढली होती.

बोटीवर परतल्यावर लेकीने विदूषकमाशाची हकीकत सांगितली. एका समुद्रफुलात राहणाऱ्या त्यांच्या घोळक्यात सगळ्यात मोठी असते ती मादी, आणि ती मेली की घरातला मोठा नर स्वतःच मादी होतो. सासूबाईंनी केस पुसत विचार केला आणि म्हणाल्या, घर बाईच्या नावावर असलेलं बरंच.

सुरमई हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेली. आचारी बंगाली, त्याला मोहरीच्या रश्श्यात घालायची होती. सासूबाईंना कोकम हवं होतं, जे त्या बेटावर मिळेना. शेवटी निम्मी रव्यात तळली गेली, निम्मी मोहरीत गेली. मोहरीचा रस्सा सासूबाईंनी भाताबरोबर दोनदा वाढून घेतला आणि “वायट नाय” असा निकाल दिला. मालवणात याच्यावरचा शेरा नसतो.

परत आल्यावर खालच्या मजल्यावरच्या जैन बेनने फोटो पाहिले, किंमत विचारली, मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाली, “फिशिंग काढी नाखीए तो केटला ओछा करे?” मी कॅप्टनला फोन लावला. तो म्हणाला, पेट्रोल तेवढंच जळणार, पण बर्फाचे पैसे सोडून देतो. बेनने ते मान्य केलं. दिवाळीच्या सुट्टीत आठजण जाताहेत, आणि बोट एकच असल्याने माणसी आमच्यापेक्षा स्वस्त पडणार, हे तिने मला जिन्यात थांबवून सांगितलं.