बीबी१ प्रगती नोंद : वाळू आणि घोटाई जमली, काळ्या भाजणीवर काम चालू

रोमन मातकाम म्हटलं की आपल्याकडे नेवासा आणि जुन्नरला सापडलेले अँफोऱ्याचे, म्हणजे दोन कानांच्या उंच रांजणाचे, तुकडे आठवतात. ते दूरच्या व्यापाराचे. इथे चाललंय ते अगदी दुसऱ्या टोकाचं काम : रोमन ब्रिटनमधलं ब्लॅक बर्निश्ड वेअर, म्हणजे घोटून चकाकी आणलेली काळी भांडी, त्यातल्या बीबी१ या प्रकाराची नक्कल. दक्षिण इंग्लंडच्या डॉर्सेटमध्ये पूल हार्बर या खाडीच्या काठी हाताने घडवलेली, चुलीवरची साधी काळी भांडी. रोमन येण्याआधीपासून तिथे अशी भांडी होत होती. इ.स. १२० च्या सुमारास तीच भांडी उत्तरेत सैन्याच्या ठाण्यांवर दिसू लागतात, आणि १२२ मध्ये ब्रिटनच्या उत्तरेत रोमन सम्राट हेड्रियनच्या सरहद्दीच्या भिंतीचं काम सुरू झाल्यावर तिथेही पोचतात. अंतर सरळ रेषेत मोजलं तरी साडेचारशे किलोमीटरच्या वर. चाक नाही, बांधीव भट्टी नाही, तरी एवढा पल्ला! त्यामुळे नक्कल करताना आकारापेक्षा मातीचा पोत आधी साधायचा, असं ठरवलं आहे.

वाळू. बीबी१ ओळखायचं ते क्वार्ट्झ वाळूवरून. तुटलेल्या कडेवर पांढरे-राखाडी कण दाटीने दिसतात. पुरातत्त्वज्ञ डेव्हिड विल्यम्स यांनी १९७७ मध्ये वाळूतली जड खनिजं तपासून, विशेषतः टूर्मलीनच्या प्रमाणावरून, या भांड्यांचं मूळ वेअरहॅम-पूल परिसरात दाखवलं. तेव्हा वाळूत तडजोड नको. दख्खनच्या नद्यांची वाळू बेसाल्टची असते आणि तिच्यात चुनखडीचे बारीक खडे येतात. भाजताना त्यांचा कळीचा चुना होतो, मग हवेतली ओल शोषून तो फुगतो आणि चांगल्या भांड्याचे चार-आठ दिवसांनी टवके उडतात. चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाकून बघा. बुडबुडे आले तर ती वाळू बाद. सिंधुदुर्गाकडची सिलिका वाळू किंवा पाण्याच्या फिल्टरची वाळू चालते. ३० मेशच्या (इंचाला ३० भोकं) चाळणीतून खाली पडलेली आणि ६० मेशवर राहिलेली घ्यावी.

सध्याचं मिश्रण : सुकी चाळलेली तळ्याची माती १० किलो, वाळू ३ किलो. निव्वळ काळी माती नको, ती फार आकसते आणि तडकते. वाळू ४ किलोच्या वर गेली की मातीची वळी (लांब दोरी) वाकवतानाच चिरते. २ किलोच्या खाली आली की भांडं चुलीवर तडकण्याची भीती वाढते. जाड वाळू आणि कमी आचेची भाजणी यामुळे चीर गेली तरी कणाकणाशी अडते, आणि चुलीवरच्या भांड्याला नेमकं हेच हवं असतं.

घडण. उंची १८ सेंमी, तोंड १४ सेंमी, भिंत ५ ते ६ मिमी. तळ थापून घ्यायचा, त्यावर करंगळीएवढ्या जाडीच्या वळ्या. जोड आतून खाली आणि बाहेरून वर ओढायचा. तळ भिंतीपेक्षा जाड राहिला तर सुकताना गोल चीर हमखास पडते. काठ शेवटी, फिरत्या पाटावर ओल्या चामड्याच्या तुकड्याने.

घोटाई. सगळी गंमत इथे आहे. भांडं लेदर हार्ड, म्हणजे अर्धवट सुकून चामड्यासारखं घट्ट, झालं की गुळगुळीत गोट्याने काठ, खांदा आणि खालचा भाग घोटायचा. मधला पट्टा खरखरीत ठेवायचा. त्या मॅट पट्ट्यावर बोथट काडीने तिरप्या रेघांची जाळी, म्हणजे रेघ चकचकीत आणि पार्श्वभूमी मंद. वेळ चुकली की चुकलंच : माती ओली असेल तर गोटा वाळूचे कण ओढत नेतो आणि ओरखडे पडतात, फार सुकली तर नुसती भुकटी निघते. नखाने दाबल्यावर खूण उमटते पण माती चिकटत नाही, ती वेळ बरोबर. पाणी अजिबात लावू नये.

जाळीचा कोन मनाने ठरवू नका. दुसऱ्या शतकातल्या भांड्यांवर जाळी लघुकोनी, चौकटी उभट. तिसऱ्या शतकात ती विशालकोनी होते, चौकटी आडव्या पसरतात आणि काठही पोटाच्या बाहेर झेपावतो. उभट जाळी आणि पसरट काठ एकत्र केले तर जाणकाराच्या नजरेला ते लगेच खटकेल.

भाजणी. ९० सेंमी रुंद, ४० सेंमी खोल खड्डा. भांडी आधी मंद आचेच्या कडेला पालथी, दोनेक तास, हात लावता येणार नाही इतकी तापेपर्यंत. इथे घाई केली तर आत राहिलेल्या पाण्याची वाफ पापुद्रे उडवते. मग राखेचा थर, भांडी, गोवऱ्या, वर काटक्या. के-टाइप थर्मोकपलवर (तापमान मोजायच्या तारेवर) ७५० अंश सेल्सिअसचं लक्ष्य. ५७३ अंशांवर क्वार्ट्झ अचानक प्रसरण पावतो, तो टप्पा सावकाश ओलांडायचा, उतरतानाही. ज्वाळा बसल्या आणि निखारा लाल असला की लाकडाचा भुसा, ओला पेंढा, वर माती. प्राणवायू तुटतो, लोहाचं काळं ऑक्साइड होतं आणि काजळीही मुरते. धूर निघेल ती भेग लगेच बुजवायची.

अडचण इथेच आहे : एका बाजूला तपकिरी डाग येतात. कारण झाकण वाऱ्याच्या बाजूला पातळ पडतं, किंवा खड्डा गरम असतानाच उघडला जातो. हवा लागली की पृष्ठावरची काजळी जळून जाते. मूळ भांड्यांवरही असे डाग दिसतात, म्हणून ते भांडं फेकायचं कारण नाही. पण पूर्ण काळं भांडं हवं असेल तर मातीचा थर १५ सेंमी आणि उघडणं दुसऱ्या दिवशी, आतलं तापमान १०० च्या खाली आल्यावर.

पुढचा टप्पा सपाट काठाच्या थाळ्यांचा. त्या आतून-बाहेरून दोन्हीकडे घोटाव्या लागतात. ब्लॅक बर्निश्डचा दुसरा प्रकार, बीबी२, मात्र यात मिसळू नये : ती चाकावरची, टेम्सच्या मुखाकडची भांडी, पूर्व किनाऱ्याने उत्तरेला गेलेली. त्यांची नोंद वेगळी ठेवू.