ससो कित्याक होयो?

देवगडात औषधाचं दुकान असलं की फक्त माणसांची दुखणी कानावर येतात असं नाही. म्हशीच्या सडाला लावायचं मलम, पेंगणाऱ्या कोंबड्यांना काय द्यायचं, कुत्र्याच्या गोचिडींवरचा स्प्रे, सगळं काउंटरवर विचारलं जातं. मला माहीत असतं तेवढं मी सांगते, बाकी जनावरांच्या दवाखान्याची वाट दाखवते. सशाचं मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे बँकेतल्या साहेबांच्या मिसेस सर्दीची गोळी घेता घेता "ताई, आमचा ससा तुम्ही ठेवून घ्याल का?" म्हणाल्या, तेव्हा मी उगाचच सुटे पैसे दोनदा मोजले.

माणसं मूळची नागपूरची आणि आता बदलीही तिकडचीच मिळाली आहे. मे महिन्यात बिऱ्हाड हलणार. नागपूरचा मे, वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, त्याआधी गाडीतून एवढा लांबचा प्रवास. सशाला न्यायचं नाही असं त्यांनी ठरवलंय, आणि ते बरोबरच आहे. ससा तांबूस तपकिरी, दीड वर्षाचा, नाव तर्री. (नागपूरला पोह्यांवर घालतात ती. माझ्या मुलीला हे कळल्यापासून ती हसायची थांबलेली नाही.) नर आहे म्हणतात. पिल्लू असताना विकणाराही यात फसतो, तेव्हा तो मुद्दा मी डॉक्टरांसाठी राखून ठेवलाय.

घरी विषय काढला. मुलगी नववीत आहे, तिने ससा न बघताच होकार दिला. नवरा बागेत, आंब्याच्या दिवसांत घरात हत्ती आणून बांधला तरी त्याला जूनमध्ये कळेल. "बघा तुमचं" एवढं म्हणून तो गेला. सासूबाईंनी मात्र सरळ विचारलं, "ससो कित्याक होयो? घरात मांजरां काय कमी आसत?"

आता खरं सांगायचं तर घरात मला सगळ्यात पटलेलं बोलणं हेच. मुलीचं प्रेम मला मान्य आहे, पण पाळीव ससा नीट सांभाळला तर ८ ते १२ वर्षं जगतो. मुलगी बारावी होऊन कोल्हापूरला नाहीतर पुण्याला जाईल तेव्हा तर्री पाच वर्षांचा असेल. पुढची सगळी वर्षं त्याची शी काढणार कोण? मी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. म्हणजे मुलीसाठी ससा आणायचा ही भाषाच चुकीची. ठेवायचा तर माझा म्हणून ठेवायचा.

मग मी रोज दुकान बंद केल्यावर बसून वाचायला लागले, आणि वाचता वाचता धास्तावत गेले.

पहिली भीती हवेची. आपल्याकडे किनाऱ्यावर पारा चाळीसला जात नाही, ३३-३४ वर थांबतो, म्हणून आपल्याला वाटतं की बरं आहे. पण सशाला घाम येत नाही. कुत्र्यासारखं धापा टाकूनही त्याला फारसं निवता येत नाही; अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः कानच. १५ ते २५ अंश ही त्याची सुखाची हवा. तिशीच्या पुढे, त्यात आपला दमटपणा, म्हणजे उष्माघाताचा धोका. पत्र्याच्या शेडखाली पिंजरा ठेवून "त्याला सावली आहे" म्हणणाऱ्यांनी एप्रिलच्या दुपारी त्या शेडमध्ये स्वतः बसून बघावं.

आमचं घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. पडवी तापते, पण माजघर मे महिन्यातही गार असतं. थर्मामीटर दुकानात आहेच, तो आणून आठवडाभर माजघरात टांगला. भर दुपारीसुद्धा काटा २९ च्या वर गेला नाही. पुढे काय होईल ते एप्रिल सांगेल. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची, लादी ओली करून द्यायची, हे उपाय आहेत; पण बाटली गोठायला वीज लागते. तौक्ते आलं तेव्हा, मे २०२१ मध्ये, दुकानातलं इन्सुलिन वाचवायला मी बर्फ शोधत फिरले होते. तशी वेळ पुन्हा आली तर फ्रीजमध्ये पहिली जागा इन्सुलिनची. हे मुलीला आत्ताच सांगून ठेवलंय.

खाण्याचं कळलं तेव्हा मात्र मला जरा हुरूप आला, कारण गवत ही आपल्या हातातली गोष्ट. सशाला गाजर लागतं हे चित्रांच्या पुस्तकातलं. गाजरात साखर, ते प्रसादाएवढंच. त्याच्या खाण्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त वाळलेलं गवत हवं. त्याचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. ते झिजायचे तर दिवसभर गवत रवडायला हवं. दात वाढून गालात-जिभेत रुतले की खाणं बंद, आणि सशाचं खाणं बंद होणं म्हणजे पोट बंद होणं. त्याला उलटी करता येत नाही. दहा-बारा तास त्याने काही खाल्लं नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर उद्या बघू म्हणायचं नसतं.

तर्री सध्या पोळी, बिस्किटं, गाजर आणि बाजारातल्या गोळी खाद्यावर आहे. ते एका दिवसात तोडायचं नाही, हळूहळू गवतावर आणायचं. परदेशी टिमोथी गवत मागवता येतं, त्याची किंमत बघून मी फोन पालथा ठेवला. आपल्याकडे करड, म्हणजे कापून वाळवलेलं गवत, आहे की! पण इथेही गंमत आहे. आंब्याच्या कलमांखालचं गवत अजिबात चालायचं नाही. मोहोर आल्यापासून आम्हीच त्याच्यावर काय काय फवारतो ते मला माहीत आहे, त्याची बिलं मीच लिहिते. म्हणजे गवत सड्यावरचं, कातळाच्या उघड्या माळावरचं. त्यातही कुसळी गवत नको, ती कुसळं सशाच्या तोंडात आणि डोळ्यांत रुततात. भाताचा पेंढा अंथरायला चांगला, चघळायलाही हरकत नाही, पण त्यावर पोट भरायचं नाही. आणि जे काही भरून ठेवायचं ते पावसाळ्यात बुरशीपासून वाचवायचं. इथे चामड्याच्या चपलेला चार दिवसांत पांढरी लव येते, तिथे गवताचं काय. सासूबाई म्हणाल्या, सोलं ठेवतो त्या माळ्यावर ठेवूया. "कित्याक होयो" विचारणारी बाई माळ्यावरची जागा देते म्हटल्यावर मी काय समजायचं ते समजले, बोलले नाही.

हिरव्या पाल्याची चिंता नाही. दुर्वा, जास्वंदीची पानं आणि फुलं, कोथिंबीर, पुदिना, सगळं परसात आहे. पण त्याच परसात अळू, कण्हेर आणि कुंपणाला घाणेरीही आहे, आणि ती तिन्ही सशाच्या तोंडाजवळ येता कामा नयेत. म्हणजे मोकळा सोडायचा तर जाळी लावून, आखून दिलेल्या तुकड्यात, कुणीतरी समोर बसून.

एक प्रकार वाचून मुलगी "ई!" करून उठून गेली. ससा स्वतःच्या मऊ लेंड्या परत खातो. आतड्यात आंबलेल्या चाऱ्यातून तयार झालेली जीवनसत्त्वं त्याला अशी दुसऱ्या फेरीत मिळतात. सासूबाईंना काहीच वाटलं नाही. "गाय रवंथ करता, तसोच तो," म्हणाल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या. एवढं सोपं मला त्या लांबलचक लेखातही कुणी सांगितलं नव्हतं.

मला खरा घोर औषधांचा लागला. ॲमॉक्सिसिलिन माझ्याकडे डबेच्या डबे असतं, लोक ते लिमलेटच्या गोळ्यांसारखं मागतात. सशाच्या तोंडात ते गेलं तर पोटातले कामाचे जंतू मरतात, नको ते माजतात आणि ससा जुलाबाने जाऊ शकतो. ॲम्पिसिलिन, क्लिंडामायसिन, त्याच रांगेतली. कुत्र्याच्या गोचिडींसाठी जो फिप्रोनिलचा स्प्रे मी रोज विकते तोही सशाला विषारी. म्हणजे घरात कुणी चांगल्या मनाने "थोडंसं देऊन बघू" म्हणालं की संपलं. काउंटरमागे उभं राहून इतकी वर्षं मी लोकांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका सांगतेय. सशाच्या बाबतीत विचारायचे डॉक्टर कुठे आहेत हाच प्रश्न.

इथल्या सरकारी डॉक्टरांना फोन केला. मोकळेपणाने बोलले. गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री यांतच दिवस जातो, ससे फारसे हाताखालून गेलेले नाहीत. पण वेळ आली तर सलाईन लावू, वरच्यांना विचारून करू, म्हणाले. मला हे "आणा हो, काही होत नाही"पेक्षा पुष्कळ बरं वाटलं. शस्त्रक्रिया किंवा दातांचं काम निघालं तर फोंडा घाट चढून कोल्हापूर. घाटात दरड आली असेल तर तेही नाही.

मांजराचा प्रश्न सासूबाईंनी काढलाच होता. आमचा बोका म्हातारा आहे, पण उंदराला अजून सोडत नाही. शिवाय मुंगूस येतं, धामण कौलांतून उतरते, रात्री कोल्हे ओरडतात. पिंजरा घरातच आणि रात्री दार बंद, यात तडजोड नाही. तळाला जाळीचा पिंजराही नको; सशाच्या पायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस, जाळीवर जखमा होतात. आंब्याच्या जुन्या पेट्या फोडून चौकट करायची, खाली गोणपाट, असं नवऱ्याने परवा जेवताना सुचवलं. म्हणजे त्याच्या कानावर विषय होता.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, एकटा झुरेल, जोडी करा. एकटा झुरतो हे खरं आहे. पण जोडी म्हणजे दर महिन्याला पिल्लं. सशीण ३० दिवसांत विते आणि व्यायल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. आधी आहे त्याचं ऑपरेशन, मग पुढचं.

एवढं सगळं कागदावर मांडल्यावर नकाराची बाजू जड होती. मी तसं सांगायला बँकेतल्या साहेबांच्या घरी गेलेही. तर मिसेस बोलता बोलता म्हणाल्या, "नाहीच कुणी घेतला तर सड्यावर सोडू, तिथे ससे आहेतच ना, त्यांच्यात राहील."

तिथे मी खुर्चीत नीट बसले. सड्यावर रात्री गाडीच्या उजेडात उड्या मारत जाणारा आपला ससा हा वेगळाच प्राणी. त्याची पिल्लं डोळे उघडे ठेवून, अंगावर केस घेऊन जन्मतात, तो बिळात राहत नाही, धावून जीव वाचवतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, तो पाळताच येत नाही. तर्रीचे पूर्वज युरोपातले, बिळं खणणारे. त्याची पिल्लं आंधळी, उघडी जन्मतात. आणि तर्रीने तर जन्मात बिस्कीट आणि सोफा सोडून काही बघितलेलं नाही. या दोघांचं एकमेकांत काही जमत नाही. पाळलेलं जनावर असं उपाशी मरायला सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे, पण मी कायदा काढला नाही. बाई वाईट नाहीत, त्यांना खरंच वाटत होतं की तो मोकळा होईल. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे कोल्ह्याक जेवाण."

बाजारातून ससा विकत आणायचा असता तर माझं उत्तर आजही नाही असंच आहे, आणि तुम्ही विचारलंत तर तुम्हालाही तेच सांगेन. पण हा ससा आहे, दीड वर्षाचा आहे, आणि मे महिन्यात कुठेतरी जाणार आहे. माझ्या माजघरापेक्षा बरी जागा त्यांना मिळाली तर मी आनंदाने मागे होईन. त्यांनी शोधली, मिळाली नाही.

तेव्हा हो म्हटलंय, अटींवर. साहेबांचं कोल्हापूरला जाणं असतंच. त्यांनी तर्रीला तिथे ससे बघणाऱ्या डॉक्टरांकडे नेऊन दात, कान आणि नर-मादी तपासून आणायचं, ऑपरेशनचं विचारायचं, आणि तो खर्च त्यांचा. मे उजाडायच्या आत, पहाटेच्या गारव्यात त्याला आमच्याकडे आणायचं, सोबत त्याचं आत्ताचं खाद्य पंधरा दिवसांचं. मुलीसाठी एकच अट: उचलायचा नाही. ससा घाबरून मागचे पाय झाडतो आणि त्या झटक्यात स्वतःचाच कणा मोडू शकतो. जमिनीवर बसायचं, तो येईल तेव्हा येईल. आणि घरात कुणाच्या अंगावर गोल चट्टा दिसला तर आधी मला दाखवायचा. गजकर्ण सशाकडूनही येतं, आणि त्याची क्रीम पावसाळ्यात मी किती विकते ते विचारू नका.

आता मला गवत हवंय. मिठबाव, कुणकेश्वर, हिंदळे, कुठेही कुणाकडे कातळावर कापलेलं, फवारा न लागलेलं, कुसळं नसलेलं करड उडवीत शिल्लक असेल तर दुकानावर निरोप ठेवा. पैसे रोख देईन. मोबदल्यात आंबे मागू नका, यंदाचे सगळे आधीच ठरलेत.